डबा नको, असं मी म्हणाले

आमच्या घराला तीन मजले आणि तिन्ही मजल्यांवर वायफायची बोंब. तळमजल्यावर बाबांची दातांची कार्यशाळा. बाबा दात काढत नाहीत, बनवतात. डॉक्टरलोक तोंडाचे ठसे पाठवतात आणि बाबा दिवसभर कानावर आवाज अडवणारे जाडजूड मफ चढवून कवळ्या घासत बसतात. मधल्या मजल्यावर आई-बाबा आणि मी. सगळ्यात वर आत्या.

आत्याला फिट्स येतात. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लपवाछपवी तिलाच आवडत नाही. ती बाबांची धाकटी बहीण. यंत्रांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते आणि जी कुणीच वाचत नाही, ती लिहिण्याचं काम ती करते. तिची फिट बहुतेक वेळा झोपेत येते. सकाळच्या गोळीने गुंगी येते म्हणून नऊ ते बारा ती झोपते, आणि पालथं झोपायची सवय काही केल्या सुटत नाही. पालथं झोपणं, तोंडाखाली उशी आणि फिट, हे तिन्ही एका वेळी जमून आलं तर काय होतं, ते डॉक्टरांनी आम्हाला एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

म्हणून तिच्या गादीखाली एक सेन्सर आहे. अंगाला झटके बसायला लागले की तो वायफायवरून बाबांच्या हातातल्या घड्याळाला कळवतो आणि घड्याळ मनगटावर थरथरतं. बाबांना फोन ऐकू येत नाही, दाराची घंटा ऐकू येत नाही, पण मनगट थरथरलं की हातातली कवळी टाकून ते जिना चढतात. आई चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात जाते. तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे नऊ ते बारा आत्याचा जीव त्या घड्याळावर, आणि घड्याळ वायफायवर.

तर वरच्या मजल्यावर वायफाय सारखं जायला लागलं, तेव्हा बाबांनी वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी प्रत्येक मजल्याच्या छताला वायफाय पसरवणारी एक पांढरी थाळी बसवली. मग खुर्चीवर टेकून म्हणाले, "आता या तिन्ही थाळ्यांना एक मुकादम लागतो. कंट्रोलर म्हणतात त्याला. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, हे तो ठरवतो. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे हा डबा."

त्यांनी पिशवीतून मुठीएवढा काळा डबा काढला. त्यावर एकच दिवा होता, आणि तोही मिणमिणता.

"कपाटात ठेवायचा आणि विसरून जायचं. दुसरा मार्ग म्हणजे तेच काम करणारं सॉफ्टवेअर घरातल्या कंप्युटरवर घालायचं. काम तेच. पण मग तो कंप्युटर कधी बंद पडता कामा नये."

"सॉफ्टवेअर!" मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडलेच.

त्या महिन्यात मला कंठ फुटला होता. त्याआधी मी इतकी गप्प असायचे की एकदा बाईंनी मला हजेरीत गैरहजर लिहिलं, आणि मी पहिल्या बाकावर बसलेली होते. मग शाळेच्या कंप्युटर क्लबात माझा एक छोटा प्रोग्रॅम सगळ्यांसमोर चालला, टाळ्या वाजल्या, आणि मला कळलं की बोलायचं असतं. तेव्हापासून मी थांबलेच नव्हते.

"डब्यात काय दिसतं? एक दिवा," मी म्हणाले. "सॉफ्टवेअरमध्ये सगळा नकाशा दिसतो. कुठलं यंत्र कुठे जोडलंय, किती वापरतंय. नियम लिहिता येतात. डबा नको बाबा, मी चालवते ना!"

"पोरगी हुशार आहे," काका म्हणाले. "पण लॅपटॉप आहे ना तिचा? लॅपटॉपला पाय असतात."

"माझा टेबलावरून हलत नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मफ गळ्यात लोंबत होते, भुवयांवर पांढरी भुकटी. "चीफ इंजिनिअर, जमेल?"

"हातचा मळ!"

"बघा हं. आत्याचा सेन्सर आहे यावर."

"बाबा! मला माहीत नाही का?"

काकांनी डबा पिशवीत परत टाकला. जाताना एवढंच म्हणाले की सेन्सर, वायफायवरचे दिवे असल्या परक्या वस्तू घरच्या नेटवर्कवर ठेवू नयेत, वेगळ्या जागी ठेवाव्यात. ते मी कान टवकारून ऐकलं, आणि तिथेच घोळ केला.

मी पाहुण्यांसाठी एक वेगळं नेटवर्क बनवलं. त्यात शिरायला पास लागायचा, चार तासांचा. पाहुणा आला की कंट्रोलर पास देणार, वेळ संपली की थाळी दार लावून घेणार. मला ते इतकं झोकदार वाटलं की आत्याचा सेन्सरही मी त्याच पाहुण्यांत घातला. आणि त्याचा पास संपू नये म्हणून स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. दर तीन तासांनी, ठोक्याला, कंट्रोलर सेन्सरला नवा पास देई. रात्री एक, चार, सात, दहा. मी तासन्‌तास ते बघत बसायचे. एकदा अर्धा तास लॅपटॉप बंद ठेवूनही बघितलं होतं. वायफाय चालू, सेन्सर चालू. झालं! मला वाटलं, आपण जग जिंकलं.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग शाळेत प्रदर्शन आलं.

आदल्या दिवशी शाळेचा कंप्युटर बसला आणि फिजिक्सच्या बाई म्हणाल्या, "तुझा आणशील का गं?" कुणी माझं काही मागितलं की मला तेव्हा नाही म्हणता यायचं नाही, उलट आनंदच व्हायचा. सकाळी सात वाजून गेल्यावर मी लॅपटॉप मिटला, दप्तरात घातला आणि शिट्टी वाजवत निघाले.

प्रदर्शनात माझ्या टेबलाशी गर्दी जमली. मी आमच्या घराचा नकाशा पडद्यावर उघडला. तीन थाळ्या, तिन्ही लाल. लाल म्हणजे संपर्क नाही.

"तुझं घर बंद पडलंय," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"बंद नाही रे, ढ! मुकादम इथे आलाय, थाळ्या तिथे आहेत. त्यांना शेवटचे हुकूम पाठ असतात, त्या काम करत राहतात." मग मी पासची गंमत सांगितली. दर तीन तासांनी नवा पास, माझा स्वतःचा प्रोग्रॅम, वगैरे.

बाई हाताची घडी घालून ऐकत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "मग तिकडे आत्ता पास कोण देतंय?"

मी बोटांवर तास मोजायला लागले. 

सातचा पास. चार तास. म्हणजे अकरा. दहाचा पास दिलाच गेला नव्हता, कारण देणारा माझ्या टेबलावर बसून मुलांना नकाशा दाखवत होता. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी होती. अकरा ते बारा आत्या झोपलेली असणार. सेन्सर ओरडेल आणि त्याचं ओरडणं थाळी आत घेणार नाही. बाबांचं घड्याळ गप्प राहील. आणि गप्प राहणं म्हणजे सगळं ठीक असणं नव्हे, हे त्या घड्याळाला कळत नव्हतं. बाबांनाही कळणार नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला आणि दप्तरात कोंबला.

"काय गं? पांढरी पडलीस."

"बाई, मला घरी जायचंय. आत्ता. माझी आत्या—" पुढचं मी कसंबसं सांगितलं. बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. पर्समधून फोन काढून माझ्या हातात दिला आणि चालायला लागल्या. बाबांना लावला. वाजत राहिला. फोन ते ड्रॉवरमध्ये ठेवतात, भुकटी जाऊ नये म्हणून. परत लावला. परत वाजत राहिला. आत्याचा लावला, तो झोपताना बंद असतो. शेजाऱ्यांचा नंबर? पाठ नव्हता. माझ्या फोनमध्ये होता आणि माझा फोन शाळेच्या कार्यालयात जमा.

बाईंच्या गाडीत बसलो. मी देवाशपथ सांगते, इतक्या सावकाश गाडी चालवणारं माणूस मी आजवर बघितलेलं नाही.

"बाई, पिवळा आहे, जा ना!"

"पिवळा म्हणजे थांबायची तयारी." बाई थांबल्या.

"बाई, प्लीज!"

"आपण धडकलो तर तिच्याकडे कोण जाईल? श्वास घे. किती वाजले?"

"अकरा वाजून दोन."

"फिट रोज येते का?"

"नाही. महिन्यातून दोनदा-तीनदा."

"मग आज येईलच असं नाही."

हे खरं होतं आणि त्याने काडीचाही फरक पडला नाही. माझ्या डोळ्यांसमोर उशी येत होती. निळ्या चौकटींच्या अभ्र्याची उशी, आणि त्यात रुतलेलं तोंड. मांडीवर लॅपटॉपचं दप्तर होतं, त्यात तो मुकादम, आणि मला ते दप्तर खिडकीतून फेकून द्यावंसं वाटत होतं. काकांनी डबा पिशवीत परत टाकला तो आवाज मला ऐकू यायला लागला. मी म्हणाले होते, डबा नको. दुसऱ्या कुणी म्हटलं नव्हतं. मी.

आमच्या रस्त्यावर उलट बाजूने गाडी नेता येत नाही. "उतर," बाई म्हणाल्या, "मी गाडी लावून येते," आणि मी गाडी पुरती थांबायच्या आत उतरले.

कार्यशाळेचं बाहेरचं दार मागच्या गल्लीत, जिन्याचं दार रस्त्यावर; कार्यशाळेतून जिन्यात यायच्या दाराला बाबा आतून कडी लावतात. मागे वळसा घालायचा की थेट वर जायचं? मी वर गेले. एक मजला. दुसऱ्या जिन्यावर हाताने कठडा ओढत चढले. खालून यंत्राची घरघर सगळ्या जिन्यात भरलेली होती. आत्याचं दार लोटलेलं होतं.

पलंग भिंतीवर आपटत होता. खट, खट, खट. घरघरीत तो आवाज खालपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

आत्या पालथी होती. तोंड उशीत.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यात आठवतं. मी उशी खेचली. तिचा खांदा धरला आणि ओढला, ती दगडासारखी जड होती, परत ओढला, आणि ती कुशीवर आली. ओठ जांभळे. तोंडातून फेस आणि थोडं रक्त. मी उशी तिच्या पाठीशी लावली, तोंड खाली कललेलं ठेवलं. तोंडात काही घालायचं नाही. हात दाबून धरायचे नाहीत. वेळ बघायची. हे सगळं आत्यानेच आम्हाला शिकवलं होतं, अगदी तिच्या पुस्तिकेत असतं तसं एक-दोन-तीन करून. अकरा वाजून तेरा. पाच मिनिटांच्या वर गेली तर ॲम्ब्युलन्स. पण सुरू कधी झाली? ते कुणाला माहीत होतं? ते सांगणारं यंत्र मी दाराबाहेर काढलं होतं.

"बाबा!" मी ओरडले. "बाबाऽऽ!"

घरघर. फोन हवा होता; बाईंचा गाडीतच राहिला होता. आत्याचा फोन कुठेच दिसेना.

आणि मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी दप्तर उघडलं. लॅपटॉप काढला. मला वाटलं, कंट्रोलर चालू झाला की सेन्सरला पास देते, सेन्सर ओरडेल, बाबांचं मनगट थरथरेल. सगळं पुन्हा जसं असायला हवं तसं होईल. पडद्यावर गोल चकती फिरायला लागली. थाळ्या शोधत आहे. थाळ्या शोधत आहे. मी त्या चकतीकडे बघत बसले. किती वेळ, देव जाणे. आत्या माझ्या गुडघ्याशी झटके देत होती आणि मी चकतीकडे बघत होते.

तिचा हात माझ्या पायाला लागला. जोरात. तेव्हा मी भानावर आले.

आमच्या घराचा मेन स्विच आत्याच्या दाराबाहेर जिन्यात आहे. का, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. मी चार ढांगांत तिथे गेले आणि तो खाली ओढला.

घरघर थांबली. सगळं घर एकदम मुकं झालं. त्या शांततेत फक्त पलंगाचं खट, खट.

"कुणी वीज घालवली रे?" खालून बाबांचा आवाज. "माझा साचा फुकट—"

"बाबा! आत्या! वर या!"

पावलांचा आवाज आला तेव्हा मी परत तिच्याजवळ बसलेली होते. खट, खट. मग खट. मग बराच वेळ काही नाही. ती श्वास घेत नव्हती. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला आणि मला स्वतःच्या कानातल्या धडधडीशिवाय काही ऐकू येईना. बाबा दारात उभे, हातात कुणाचेतरी खालचे दात. मग आत्याच्या छातीतून घोरल्यासारखा एक लांबलचक आवाज आला, आणि ओठांचा जांभळा रंग कडेकडेने उतरायला लागला.

बाबा मटकन खाली बसले. घड्याळाकडे बघत राहिले. "हे वाजलं का नाही?"

थोड्या वेळाने बाई धापा टाकत वर आल्या. त्यांनीच डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर आले, तपासलं, जीभ चावली आहे म्हणाले, झोपू द्या म्हणाले. आणि बॅग बंद करताना सहज बोलल्यासारखं, "आणखी थोडा वेळ तोंड उशीत राहिलं असतं तर अवघड होतं."

डॉक्टर आणि बाई गेल्यावर बाबांचा पारा चढला. "त्या सेन्सरवाल्याला बोलावतो. असली वस्तू विकतात लोकांना! येऊ दे त्याला, कवळीच बसवतो त्याची."

मी गप्प राहू शकले असते. कुणाला कळलं नसतं. वीज परत आली होती, लॅपटॉप जागा होता, आणि पडद्यावर तिन्ही थाळ्या हिरव्या, सेन्सरला नवाकोरा पास. पुरावा आपोआप पुसला गेला होता. मी आयुष्यभर इतकी गप्प राहिले होते की गप्प कसं राहायचं हे मला कुणी शिकवायला नको होतं.

"सेन्सरची चूक नाही," मी म्हणाले. "माझी आहे." आणि पासपासून दप्तरापर्यंत सगळं सांगितलं.

बाबा ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. हातातल्या त्या कुणाच्यातरी दातांकडे बघत राहिले, मग ते खिशात ठेवले आणि खाली गेले. त्या दिवशी यंत्र परत सुरू झालं नाही. यंत्र बंद असलेलं घर इतकं भयानक असतं हे मला माहीत नव्हतं.

आत्या चारला उठली. चेहरा सुजलेला, बोलणं जड. मी तिलाही सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली.

"डबा का सॉफ्टवेअर, हे ठरलं तेव्हा कोण कोण होतं?" तिने विचारलं.

"मी, बाबा, वायरमनकाका."

"गादी कुणाची?"

मी चादरीची सुटलेली कड गादीखाली खोचली.

"मला विचारलं असतंत ना," जीभ दुखत होती म्हणून ती एकेक शब्द ठेवून बोलत होती, "तर मी एकच प्रश्न विचारला असता. पुस्तिका लिहिताना पहिला तोच विचारते. हे बंद पडलं तर काय होतं?"

"मी तपासलं होतं. अर्धा तास."

"अर्धा तास," आत्या म्हणाली. "चार तासांच्या पासला." मग तिने माझा हात धरला.  मला वाटायचं आत्या कशालाच घाबरत नाही. "मला झोपायची भीती वाटते गं. रोज वाटते. तुला सांगितलं नव्हतं, एवढंच."

रविवारी वायरमनकाका डबा घेऊन आले. टोमणा मारतील म्हणून मी तयारीत होते, पण त्यांनी फक्त पिशवी माझ्या हातात दिली. "बसव," आत्या म्हणाली. बाबांनी तिच्याकडे बघितलं. "तीच बसवेल," आत्या परत म्हणाली, "मी शेजारी बसते."

डबा कपाटात गेला. सेन्सर घरच्या नेटवर्कवर आला. पास नाही, वेळ नाही, माझा प्रोग्रॅम नाही. घड्याळालाही नवा हुकूम मिळाला. सेन्सर एक मिनिटभर गप्प बसला तरी थरथरायचं. आत्या वहीत एकेक ओळ लिहून घेत होती आणि मला विचारत होती, "आणि हे बंद पडलं तर?" 

मग ती म्हणाली, "आता डब्याची वायर काढ."

मी काढली. तो मिणमिणता दिवा विझला. बाबा खाली गेले. आत्या पलंगावर पालथी झाली आणि तोंड उशीत घातलं.

"आत्या, कुशीवर कर ना. नाटकच करायचंय तर—"

"मी कशी झोपते ते तुला माहीत आहे," उशीतून आवाज आला. आणि तिने अंग हलवायला सुरुवात केली. पलंग भिंतीवर आपटायला लागला.

हे खोटं आहे, हे मला माहीत होतं. तरी मी सेकंद मोजत होते आणि आकडे विसरत होते. सात. आठ. परत आठ. खालून काहीच नाही. पंधरा. मी दाराकडे एक पाऊल टाकलं, आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, दोन-दोन पायऱ्या एका वेळी. बाबा दारात आले. नाटक आहे हे त्यांनाही माहीत होतं. तरी चेहरा पांढराफटक, आणि या वेळी ती भुकटी नव्हती.

आत्या उठून बसली. केस विस्कटलेले. तिने वही ओढली आणि माझ्याकडे बघितलं.

"किती?"

"एकवीस. बहुतेक एकवीस."

"बहुतेक नको," आत्या म्हणाली आणि परत पालथी झाली. "दादा, खाली जा. या वेळी यंत्र चालू करून बस."